शिवेवरची फट: एका सामायिक प्रादेशिक जीआयएसचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या एका पट्ट्याचे आहे. जीआयएस म्हणजे संगणकावरची अशी नकाशा-प्रणाली, जिच्यात रस्ते, वाहिन्या, गावांच्या सीमा असे एकेका विषयाचे थर, म्हणजे लेयर, एकावर एक ठेवता येतात. गावांची, कार्यालयांची आणि माणसांची नावे मुद्दाम वगळली आहेत. पट्ट्यात एक नगरपरिषद, पन्नासच्या आसपास महसुली गावे आणि त्यांतल्या बऱ्याच गावांना पाणी पुरवणारी एक प्रादेशिक नळयोजना होती. नदी ही दोन जिल्ह्यांची हद्द असल्यामुळे पाणी एका जिल्ह्यातून उचलले जाई आणि दुसऱ्या जिल्ह्यात प्यायले जाई. नकाशे मात्र आपापल्या काठावरच थांबत.

या नदीला नकाशांच्या दृष्टीने आणखी एक इतिहास आहे. तिच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडात जमिनीची जुनी मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली, ३३ फुटांची साखळी आणि एकर-गुंठ्यांचा हिशेब घेऊन. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. पूर्वेकडचा भाग जुन्या मध्य प्रांताचा, तिथली बंदोबस्ताची परंपरा निराळी आणि गाव नकाशांचे प्रमाणही निराळे. १९५६ मध्ये दोन्ही भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, पण कपाटांतले नकाशे आपल्या जुन्याच प्रांतांत राहिले.

सहा कार्यालयांकडे या एकाच भूभागाचे सहा नकाशे होते. नगरपरिषदेकडे सल्लागाराने करून दिलेले ऑटोकॅड रेखाचित्र होते, ज्यात शहराचा आरंभबिंदू टाकीजवळच्या एका खुणेवर १०००, १००० असा धरलेला होता. नळयोजनेकडे उपग्रहचित्रावर माउसने ओढलेल्या रेषांच्या केएमएल फाईल होत्या. वीज वितरणाच्या यंत्रणेकडे खांबांची जीपीएसने घेतलेली ठिकाणे होती. बांधकाम विभागाकडे रस्ते, आरोग्य विभागाकडे वस्त्यांच्या याद्या आणि भूमी अभिलेखाकडे स्कॅन केलेले गाव नकाशे होते. यांतला एकही नकाशा निरुपयोगी नव्हता, कारण प्रत्येक जण आपापल्या कामापुरता चालत होता.

सामायिक जीआयएसची मागणी वरून आली नाही, ती एका खड्ड्यातून आली. उन्हाळ्यात मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा तीन कार्यालयांची माणसे तीन नकाशे घेऊन जागेवर आली आणि तिन्ही नकाशांत वाहिनी रस्त्याच्या तीन वेगवेगळ्या जागी होती: एकात डाव्या कडेला, एकात उजव्या कडेला आणि एकात नाल्याच्या पात्रात. जेसीबीने पहिल्या जागी खोदले तेव्हा वीजवाहिनी हाती लागली. अखेर नळयोजनेच्या व्हॉल्व्हमनला बोलावले गेले. त्याने खिशातली वही काढली, एका कडुनिंबापासून पावले मोजली आणि पहार रोवली. वाहिनी तिथेच निघाली. त्याच वहीतली दुसरी एक नोंद पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापासूनच्या अंतराची होती आणि ती गिरणी पाडून बरीच वर्षे झाली होती, ही गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही.

अडचण

पहिल्या संयुक्त बैठकीत सर्वांचे निदान एकच होते, की नकाशे जुळत नाहीत. ते चूक नव्हते, पण त्या एका वाक्यात तीन वेगळे दोष मिसळले होते आणि ते वेगळे करायला आम्हाला बराच काळ लागला.

पहिला दोष ठिकाणांचा. पट्ट्याच्या पश्चिम टोकातून ७८ अंश पूर्व रेखांश जातो आणि यूटीएम पद्धतीतले, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीतले, ४३ आणि ४४ हे दोन पट्टे (झोन) नेमके तिथे मिळतात. म्हणजे एकाच तालुक्यात दोन गावांचे निर्देशांक दोन वेगळ्या झोनमध्ये येऊ शकतात. एकदा पश्चिमेकडच्या हातपंपांची फाईल झोन ४३ ची असताना झोन ४४ म्हणून चढवली गेली आणि सगळे हातपंप सहाशे किलोमीटर पूर्वेला, ओडिशात जाऊन पडले. त्यावर बैठकीत हशा झाला आणि पाच मिनिटांत दुरुस्तीही झाली. खरा त्रास दिला तो छोट्या चुकीने. जुन्या टोपोशीट (सरकारी भूनकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर आधारलेल्या, तर जीपीएसची ठिकाणे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या नमुन्यावर. हा फरक न सांभाळता दोन्ही एकावर एक ठेवले तर आपल्या भागात शंभर मीटर किंवा त्याहून अधिक सरक येते. शंभर मीटरने सरकलेला रस्ता पडद्यावर अगदी खरा दिसतो. तो कोणाला खटकत नाही, त्याच्या कडेने दुसरे कोणी जलवाहिनी ओढते आणि चूक पुढच्या लेयरमध्ये मुरते.

दुसरा दोष नावांचा. खुर्द आणि बुद्रुक यांची गफलत तर होतीच. शिवाय या भागात रिठी गावे आहेत, म्हणजे महसुली दफ्तरात पूर्ण गाव, स्वतःची शीव, स्वतःचे सर्व्हे नंबर, पण वस्तीचे एक घर नाही. याच्या उलट, पाणीपुरवठा आणि आरोग्य या दोन्ही खात्यांच्या यादीतले तांडे, पोड आणि शेतवस्त्या ठळक होत्या, पण महसुली दफ्तरात त्यांना स्वतंत्र अस्तित्व नव्हते. एका तांड्याची घरे दोन गावांच्या शिवेत होती आणि त्याचे पाणी तिसऱ्या गावाच्या नावाने मोजले जात होते. अशा दोन याद्या केवळ नावावरून जुळवणे म्हणजे चुकीची जोडणी करून ती अधिकृत ठरवणे होय.

तिसरा दोष अधिकाराचा. चूक दिसली तर रेषा बदलायची कोणी? प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येई आणि प्रत्येक वेळी तो तांत्रिक बाब म्हणून संगणक चालवणाऱ्या मुलांकडे ढकलला जाई. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ इथे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता, सर्व माहिती एकाच कार्यालयाने ताब्यात घेऊन सांभाळावी. कागदावर हा सर्वांत सोपा होता. पण बाकीच्या पाच कार्यालयांना आपली माहिती दुसऱ्याच्या हवाली करायची नव्हती, आणि ज्याला ती सांभाळायची होती त्या कार्यालयाकडे त्यासाठी मंजूर पद नव्हते.

दुसरा पर्याय होता, निविदा काढून एका खासगी संस्थेकडून सर्वेक्षण करून घ्यावे आणि तयार पोर्टल विकत घ्यावे. उपलब्ध निधी भांडवली लेखाशीर्षाखालचा होता. त्यातून पोर्टल घेता येत होते, सर्व्हर घेता येत होता, पण ते चालवणाऱ्या माणसाचा पगार देता येत नव्हता. निर्णयावर या एका बाबीचा जितका परिणाम झाला तितका कोणत्याही तांत्रिक तुलनेचा झाला नाही.

तिसरा पर्याय एका स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी मांडला. प्रत्येक कार्यालयाने आपले लेयर आपल्याकडेच ठेवावेत, सामायिक असावा तो फक्त पातळ पाया: गावांच्या सीमा, गावांचे क्रमांक, रस्त्यांच्या मध्यरेषा आणि नाले; आणि प्रत्येक लेयरला एकच पालक कार्यालय असावे, ज्याच्याशिवाय त्या लेयरमधली रेषा कोणी हलवू शकणार नाही. यासाठी लागणारी क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस ही नकाशे काढण्याची आणि त्यांची माहिती साठवण्याची सॉफ्टवेअर मोफत होती, मात्र माणसे आणि शिस्त लागणार होती. कायद्याची आडकाठीही उरली नव्हती. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज काढून टाकली होती आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती वाटून घेण्याकडे कल स्पष्ट केला होता.

निवड दुसऱ्या पर्यायाची झाली. मी त्या बैठकीत होतो आणि मीही त्याला संमती दिली, कारण मार्च अखेर जवळ होता आणि खर्च न झालेला निधी परत जाणार होता. पोर्टल देखणे झाले. उद्घाटनाला पडद्यावर सगळी गावे रंगीत उमटली. त्यानंतरच्या पावसाळ्यात नगरपरिषद हद्दीत नवे लेआउट पडले, नव्या वाहिन्या टाकल्या गेल्या, पण पोर्टलवर त्यांतली एकही आली नाही, कारण बदल करण्याचा हक्क संस्थेकडे होता आणि करारात प्रत्येक फेरसर्वेक्षणाचे वेगळे पैसे होते. देखभाल करार संपायला आला तेव्हा लक्षात आले, की निविदेत संपूर्ण माहिती खुल्या स्वरूपात परत देण्याची अट आम्ही घातलेलीच नव्हती. बरीच पत्रे गेल्यावर शेपफाईल (नकाशातल्या रेषा आणि त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या फाईल) मिळाल्या, पण त्यांच्या रकान्यांची नावे दहा अक्षरांवर तुटलेली होती आणि कोणती रेषा कोणत्या तारखेची, हे सांगणारा एकही रकाना त्यांत नव्हता.

प्रत्यक्ष कार्यवाही

यानंतर तिसरा पर्याय स्वीकारला गेला, काहीसा नाइलाजाने.

निर्देशांकांबाबत असे ठरले, की पट्ट्याचा बहुतेक भाग ७८ अंशांच्या पूर्वेला असल्यामुळे सर्वांनी झोन ४४ वापरावा, पश्चिमेकडच्या गावांनीसुद्धा. याची किंमत माहीत होती. झोनच्या कडेशी यूटीएममधले अंतर किलोमीटरमागे सुमारे ८० सेंटिमीटर जास्त भरते आणि क्षेत्रफळ हेक्टरमागे सुमारे १६ चौरस मीटर. ती स्वीकारताना एक नियम लेखी केला: या प्रणालीत मोजलेले क्षेत्रफळ कोणत्याही आदेशात वापरायचे नाही, क्षेत्र घ्यायचे ते सातबाऱ्यावरचे.

गावांसाठी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी क्रमांक ही किल्ली धरली आणि वस्त्यांसाठी वेगळे कोष्टक केले, ज्यात एक वस्ती एकाहून अधिक गावांना जोडता येते. हे काम कंटाळवाणे होते, त्याचे फोटो निघत नाहीत. पण दोन महिने खपून ते केले नसते तर पुढचे काहीच टिकले नसते.

पालकत्वाची यादी करताना मात्र वाद झाले. नाल्याचा पालक कोण, या प्रश्नावर दोन बैठका गेल्या, कारण नाला पूररेषेच्या कामाला हवा होता, साफसफाईच्या कामाला नको होता. शेवटी यादी झाली. इतरांनी फक्त दुरुस्तीची सूचना टाकायची, मोबाइलवरून, फोटो आणि ठिकाणासह, आणि पालक कार्यालयाने ती पंधरा दिवसांत मान्य किंवा अमान्य करायची, अशी रीत ठरली. प्रत्यक्ष जागेवरच्या माणसाला थेट बदल करू द्यावा, असे माझे मत होते आणि ते मान्य झाले नाही. त्या वेळी मला ते खटकले. आज मागे पाहताना वाटते, की निर्णय बरोबर होता पण मुदत चुकीची होती. फुटलेल्या वाहिनीला पंधरा दिवस म्हणजे काहीच न करण्यासारखे आहे.

व्हॉल्व्हमनची वही आम्ही चार दिवस त्याच्याबरोबर फिरून लेयरमध्ये उतरवली. कडुनिंब, मारुतीचा पार, शाळेच्या कुंपणाचा कोपरा, प्रत्येक खुणेशी रोव्हर (अचूक ठिकाण घेणारे जीपीएस यंत्र) उभा करायचा, मग त्याने सांगितलेल्या जागी. गिरणीपाशी आल्यावर तो थबकला. गिरणी नव्हती, तिथे कापडाचे दुकान होते. बराच वेळ जमिनीकडे पाहून त्याने एक जागा दाखवली आणि म्हणाला, ‘इथं असंल, पण माझ्या सांगण्यावर खोदू नका साहेब.’ आमच्या कोष्टकात तेव्हा ‘असेल’ लिहायला जागा नव्हती. आम्ही ती वाहिनी इतरांसारखीच निळ्या अखंड रेषेने काढली.

गाव नकाशांचा निर्णय

सर्वांत अवघड निर्णय होता तो जमिनींच्या नकाशांचा, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

कापडावर चिकटवलेला एक गाव नकाशा टेबलावर उलगडला, की आधी दिसते ती त्याची घडी. घडीच्या रेषेवर शाई झिजलेली असते आणि नेमका तिथला सर्व्हे नंबर वाचता येत नाही. पश्चिमेकडच्या गावांचे नकाशे आठ इंचाला एक मैल या प्रमाणाचे होते; त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर रुंद होते. म्हणजे बांध नेमका कुठे, हा प्रश्न नकाशाला चार मीटरच्या आत विचारण्यात अर्थच नाही. हा नकाशा उपग्रहचित्रावर बसवायचा तर दोन्हींत सापडतील असे बिंदू लागतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड सापडला तर उत्तम. जुनी विहीर सापडली तर ठीक. नाल्याचे वळण मात्र फसवे, कारण नाला हललेला असतो. एका गावात आम्ही नऊ बिंदू घेतले. सहा बरे बसले, दोन विहिरी थोड्या सरकल्या आणि नववा बिंदू, नाल्यावरचा, इतका लांब गेला की तो सोडून द्यावा लागला.

असे करत शेजारशेजारची गावे बसवली, तेव्हा त्यांच्या सामायिक शिवेवर कुठे फट पडली, तर कुठे एक गाव दुसऱ्यावर चढले. जमिनीवर अशी फट नसते. ती दोन वेगळ्या कागदांच्या, वेगळ्या बिंदूंवर बसवण्यातून आलेली होती. आता तीन मार्ग होते: नकाशे रबरासारखे ताणून शिवा जुळवणे, फट तशीच दाखवणे, किंवा हा लेयर सामायिक प्रणालीत घेऊच नये.

आम्ही ताणले. फटी कुरूप दिसत होत्या आणि त्या दाखवल्या तर प्रणालीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, असे बैठकीतले मत होते. काही महिन्यांनी एका शेतकऱ्याने ग्रामपंचायतीत प्रणालीवरचा नकाशा मोठा करून त्याची प्रिंट काढून घेतली. त्यात शेजाऱ्याची विहीर त्याच्या बांधाच्या आत आली होती. दोन घरांत आधीपासूनच धुसफूस होती. तो कागद घेऊन प्रकरण तलाठ्याकडे आणि तिथून मोजणीच्या अर्जापर्यंत गेले. भूकरमापकाने मोजणी करून हद्द कायम केली, विहीर शेजाऱ्याच्याच शेतात निघाली. जमिनीची हद्द ठरते ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खालच्या रीतसर कार्यवाहीने, संगणकाच्या पडद्यावरून नव्हे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण आमचा नकाशा ते सांगत नव्हता. त्याची गुळगुळीत, बिनफटीची रेषा नेमके उलटे सांगत होती.

त्यानंतर ताणलेला लेयर काढून टाकला आणि न ताणलेले नकाशे फटींसह परत आणले. फटीचा आणि एकावर एक आलेला भाग तिरप्या रेषांनी भरून दाखवला, ठरावीक मर्यादेपलीकडे नकाशा मोठा केला की जमिनींच्या रेषा दिसेनाशा होतील अशी सोय केली आणि प्रत्येक प्रिंटवर ‘मोजणीसाठी नाही’ अशी ओळ आली. मर्यादेवरून तक्रारी झाल्या. विशेषतः कार्यालयातल्याच लोकांनी केल्या, कारण त्यांना भूसंपादनाचा अंदाज पटकन हवा असे.

निष्पत्ती

आज प्रणाली चालू आहे, पण सगळी नाही. जलवाहिन्यांचा लेयर ताजा राहतो, कारण कोणत्या वस्तीचे पाणी कोणत्या दिवशी बंद राहील याची सूचना त्याच्यावरून निघते. लेयर चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतात. रस्त्यांच्या तीन आवृत्त्यांची एक झाली. वस्त्यांच्या कोष्टकामुळे वर उल्लेखलेल्या तांड्याचे पाणी त्याच्या स्वतःच्या नावाने मोजले जाऊ लागले. पथदिव्यांचा आणि झाडांचा लेयर मात्र पहिल्या सर्वेक्षणाच्या तारखेवर गोठून राहिला आहे, कारण त्यावरून रोजचे कोणतेही काम होत नाही.

पूर्णवेळ पद मंजूर झाले नाही. देखभाल महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि नळयोजनेचा एक कनिष्ठ अभियंता मिळून करतात. ज्या अधिकाऱ्याने सहा कार्यालये एका टेबलाशी आणली, त्यांची बदली झाली आणि दर महिन्याची बैठक तिमाही झाली. दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजूने सूचना येण्याचे प्रमाण तेव्हापासून घटले आहे.

वेगळे काय करता आले असते

निविदेत माहिती परत मिळण्याची अट आणि आवर्ती खर्चाची तरतूद, या दोन गोष्टी पहिल्या दिवशी लिहिल्या असत्या तर पोर्टलवर गेलेले वर्ष वाया गेले नसते. देखभालीला लेखाशीर्ष नसेल तर मोठे सर्वेक्षण हाती न घेता दोनच लेयरांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरले असते.

दुरुस्तीच्या सूचनांसाठी एकच मुदत ठेवण्याऐवजी दोन ठेवायला हव्या होत्या: ज्या रेषेवर खोदकाम होते तिच्यासाठी एक दिवस, बाकीच्यांसाठी पंधरा. ही सुधारणा अलीकडे झाली आहे.

गाव नकाशे ताणण्याआधी भूमी अभिलेखातल्या एखाद्या अनुभवी भूकरमापकाला तासभर समोर बसवून विचारायला हवे होते. तो त्याच इमारतीत, एक मजला खाली बसत होता. आम्ही त्यांच्याकडून स्कॅन घेतले, सल्ला घेतला नाही.

आणि प्रत्येक रेषेमागे माहिती कोणी दिली, कोणत्या तारखेला आणि किती खात्रीने, हे तीन रकाने सुरुवातीपासून ठेवायला हवे होते. ते नंतर जोडले. तोवर उतरवलेल्या नोंदींत ते रिकामे राहिले आणि आता भरता येत नाहीत, कारण कोणी काय पाहून काय काढले हे कोणाला आठवत नाही. अशा रेषा आता करड्या आणि तुटक दाखवल्या जातात. कापडाच्या दुकानाखालून जाणारी वाहिनी त्यांतलीच एक आहे. तिथे खोदण्याचे काम निघाले, की आधी व्हॉल्व्हमनला निरोप जातो.